गूगल तुमच्या गिऱ्हाइकांचे क्लिक मोजतं का? मोजतं. मग ते विकत का घेऊ नयेत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. नाशिककडे तुमचं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे, दुकानाची वेबसाइट आहे, आणि लॅटरल, ड्रिपर, फिल्टर याबद्दल तुम्ही स्वतः तिथे मराठीत लिहिता. एका एजन्सीने महिना १५,००० रुपयांत ‘सीटीआर वाढवून देतो’ असं सांगितलंय. सीटीआर म्हणजे गूगलवर तुमचा दुवा जितक्यांना दिसला त्यांतल्या किती जणांनी त्यावर क्लिक केलं ते प्रमाण. त्यांची माणसं रोज गूगलवर शोधणार, तुमच्याच दुव्यावर क्लिक करणार, पानावर दोन-तीन मिनिटं थांबणार आणि तुम्ही वर जाणार. त्यांनी तुमच्यासमोर प्रात्यक्षिक केलं आणि ते जमलंही. दुसरीकडे तुमचा पुतण्या म्हणतो की ॲनालिटिक्स (साइटवर किती लोक आले, किती थांबले हे मोजणारं गूगलचं साधन) काढून टाका, नाहीतर आपला बाउन्स रेट, म्हणजे आल्यापावली परतणाऱ्यांचं प्रमाण, गूगलला कळतो आणि आपण घसरतो.

पैसे देऊ नका आणि ॲनालिटिक्स राहू द्या. एवढ्यावर थांबलो असतो, पण एजन्सीवाला पूर्ण खोटं बोलत नाहीये. तो अर्धं खरं बोलतोय, आणि साइट गूगलवर वर आणून देण्याच्या आमच्या धंद्यात अर्ध्या खऱ्यालाच जास्त भाव मिळतो. म्हणून खरा अर्धा भाग आधी सांगतो.

कितीतरी वर्षं गूगलची माणसं क्लिकचा विषय निघाला की हात झटकायची. २०१९ मध्ये त्यांच्या गॅरी इलियस यांनी पानावर घालवलेला वेळ आणि क्लिकचं प्रमाण वगैरे कल्पना म्हणजे मनाने रचलेल्या गोष्टी आहेत, असं चारचौघांत आणि बऱ्याच कडक भाषेत सांगून टाकलं होतं. मीही गिऱ्हाइकांना तेच सांगायचो. कंपनीच नाही म्हणतेय तर आपण कशाला वाद घालायचा? मात्र कागदपत्रं कोर्टात आली तेव्हा मला माझं म्हणणं बदलावं लागलं.

अमेरिकन सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला. २०२३ च्या शरद ऋतूत सुनावणी सुरू झाली आणि गूगलच्या शोध विभागाचे उपाध्यक्ष पांडू नायक यांची साक्ष झाली. तिथे ‘नॅव्हबूस्ट’ हे नाव उघडपणे आलं. ही यंत्रणा लोकांनी कोणता शब्द शोधला आणि निकालातल्या कोणत्या दुव्यावर क्लिक केलं हे लक्षात ठेवते. साक्षीप्रमाणे ती मागच्या १३ महिन्यांचा हिशोब धरते, २०१७ पूर्वी १८ महिन्यांचा धरायची. हजारो पानांतून काही शेकडा पानं पुढच्या फेरीसाठी निवडली जातात, त्या चाळणीतही तिचा वाटा असतो. शिवाय हा हिशोब मोबाइल वेगळा, कॉम्प्युटर वेगळा, हा मुलूख वेगळा, तो मुलूख वेगळा असा फोडून ठेवलेला असतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, एजन्सीचा फुगा तिथेच फुटणार आहे.

त्याच खटल्यात गूगलचं २०१६ सालचं एक अंतर्गत सादरीकरण बाहेर आलं. त्याचा मथितार्थ असा: आम्हाला दस्तऐवज खऱ्या अर्थाने कळत नाहीत, कळल्याचं आम्ही सोंग घेतो. लोकांची प्रतिक्रिया चांगली आली तर पान चांगलं असणार, वाईट आली तर वाईट असणार. आता भाषा समजणारी मॉडेल्स आल्यावर हे चित्र पुष्कळ बदललंय, तरीही ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. आपण कीवर्डची घनता, म्हणजे शोधाचा शब्द पानात किती वेळा येतो ते, मोजत बसलो होतो आणि पलीकडचा माणूस फक्त गिऱ्हाइकाचा चेहरा बघत होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल मक्तेदार असल्याचा निकाल दिला. त्यात या माहितीची किंमत सांगणारी एक तुलना आहे: गूगलकडे १३ महिन्यांत लोकांच्या वापराची जेवढी माहिती जमा होते, तेवढी जमायला मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राला १७ वर्षांहून जास्त लागतील. २०२१ मध्ये फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलने २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजले. एवढे पैसे फुकट जात नव्हते. जास्त लोक आले की जास्त क्लिक, जास्त क्लिक म्हणजे चांगले निकाल, आणि चांगल्या निकालांमुळे पुन्हा जास्त लोक, असं ते रहाट चालू राहतं.

मे २०२४ मध्ये गूगलच्या अंतर्गत प्रणालीचे काही तांत्रिक दस्तऐवजही चुकून उघडे पडले. त्यात १४ हजारांवर गुणधर्मांची नावं होती. त्यांत ‘गुड क्लिक्स’, ‘बॅड क्लिक्स’ आणि ‘लास्ट लाँगेस्ट क्लिक्स’ ही नावं दिसली. कशाला किती वजन आहे हे त्यात नाही, आणि नाव आहे म्हणजे ते आजही वापरात आहे असंही नाही. तेव्हा त्या यादीवरून छातीठोक सल्ले देणाऱ्यांपासून जरा जपून राहा. पण ही नावं कोर्टातल्या साक्षीशी जुळतात, म्हणून मी ती गंभीरपणे घेतो.

आता ही नावं तुमच्या दुकानाच्या भाषेत. दिंडोरीचा एक द्राक्ष बागायतदार रात्री ‘ड्रिपर चोकअप उपाय’ असं शोधतो. पहिल्या दुव्यावर जातो. तिथे ठिबक सिंचनाचा इतिहास, इस्राएल, पाण्याचं महत्त्व. तो चार सेकंदांत मागे येतो. तो झाला वाईट क्लिक. दुसऱ्या दुव्यावर पान उघडायलाच वेळ लागतो, पुन्हा मागे. तिसऱ्यावर तो जातो आणि परत येतच नाही, कारण क्षारामुळे चोकअप आहे की शेवाळामुळे हे कसं ओळखायचं, क्षार असेल तर ॲसिड ट्रीटमेंट आणि शेवाळ असेल तर क्लोरीन, हे त्याला तिथे मिळालं. शोध संपला. त्याचा शेवटचा आणि सगळ्यात लांबलेला क्लिक तो. असे शेकडो शेतकरी महिनोन्‌महिने तिसऱ्या दुव्यावर थांबू लागले की तो दुवा वर सरकण्याचं कारण यंत्राला मिळतं.

इथे गूगल ‘तुमच्या साइटवर लोक किती रमले’ हे विचारत नाहीये. ‘या शब्दासाठी शोधणाऱ्याचं काम कुठे झालं’ एवढंच विचारतंय. क्लिक साइटच्या खात्यावर जमा होत नाही, तो शब्द आणि पान या जोडीच्या खात्यावर जमा होतो. ही गोष्ट पक्की कळली की बाकीचं बरंचसं आपोआप कळतं.

मग ही एजन्सी १५,००० मध्ये काय विकतेय? त्यांचे क्लिक बहुधा एकाच शहरातल्या मूठभर फोनवरून किंवा भाड्याच्या सर्व्हरवरून येणार. तुमचं खरं गिऱ्हाईक निफाड, दिंडोरी, सांगली, सोलापूरकडे मोबाइलवर आहे. हिशोब मुलखाप्रमाणे आणि मोबाइल-कॉम्प्युटरप्रमाणे फोडलेला असतो हे मघाशी सांगितलं, ते यासाठी. ज्या खात्याचा शोधाचा काही इतिहास नाही आणि जे रोज एकाच दुकानाचा दुवा उघडतं, ते ओळखू येणं अवघड नसतं. त्या उघडे पडलेल्या दस्तऐवजांत क्लिकचे आकडे ‘दाबण्याचा’ही उल्लेख आहे, म्हणजे कुठूनतरी एकदम उसळलेला आकडा बाकी सगळ्यावर स्वार होऊ नये अशी सोय. शिवाय १३ महिन्यांच्या तराजूत तुमचा एक महिना टाकून पारडं किती झुकणार? पैसे थांबले की क्लिक थांबले, आणि खरे लोक मागे फिरत असतील तर ते फिरतच राहणार.

आता तुम्ही म्हणाल, प्रात्यक्षिक तर डोळ्यांदेखत झालं. होय, झालं असेल. पण कोणता शब्द शोधला होता ते आठवा. बहुधा चार-पाच शब्दांची लांबलचक ओळ, जी तुमच्याशिवाय कुणी शोधत नाही. जिथे कुणाचाच क्लिक नाही तिथे दहा क्लिक म्हणजे शंभर टक्के मतदान.

याचा एक गाजलेला नमुना आहे. २०१० च्या अखेरीला गूगलला संशय आला की बिंग आपले निकाल उचलतंय. त्यांनी जवळपास १०० अर्थहीन अक्षरजुळण्या तयार केल्या, प्रत्येकीसाठी एक असंबद्ध पान हाताने पहिल्या जागी बसवलं, आणि आपल्या सुमारे २० इंजिनिअरांना मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर व बिंगचा टूलबार (क्लिकची माहिती मायक्रोसॉफ्टला पोचवणारी ब्राउझरमधली पट्टी) चालू ठेवून घरून ते शब्द शोधायला आणि त्या पानांवर क्लिक करायला सांगितलं. दोनेक आठवड्यांत त्यांतल्या सात ते नऊ जुळण्यांसाठी बिंगवरही तीच असंबद्ध पानं दिसायला लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये हे जाहीर झाल्यावर दोन्ही कंपन्यांची चांगलीच जुंपली. मायक्रोसॉफ्टचं उत्तर असं होतं की लोकांच्या क्लिकची माहिती हा आमच्या हजारभर संकेतांपैकी एक आहे, बाकी काहीच नसेल तिथे तोच दिसणार. हे मला पटण्यासारखं वाटतं. एवढी आखणी करूनही शंभरातले नव्वदहून जास्त शब्द हलले नाहीत, हेही त्यातच लिहिलेलं आहे. रशियात यांडेक्स या तिथल्या शोधयंत्रावर असे बनावट क्लिक पुरवण्याचा मोठा धंदा चालतो, आणि पकडलेल्या साइट्सना यांडेक्स सरळ खाली ढकलतं.

यातला मराठीचा भाग मात्र वेगळा आहे. इंग्रजीत एकेका शब्दामागे क्लिकचा डोंगर असतो, मराठीत कित्येकदा चिमूटभर. त्यामुळे आपल्या भाषेत पानावरचा मजकूर, शीर्षक आणि दुवे यांच्यावर यंत्राला जास्त विसंबावं लागतं असा माझा अनुभव आहे, आणि नव्या पानाला इथे शिरायला वाव मिळतो. हाच तुमचा फायदा. ‘खत’ हा एकच शब्द घ्या. तुमच्या गिऱ्हाइकासाठी ते शेणखत-युरियातलं खत, आणि हिंदी वाचकासाठी तोच शब्द म्हणजे पत्र. लिपी एक, स्पेलिंगही बहुधा एकच. यंत्र निवाडा कसा करणार? शोधणारा लासलगावात आहे की लखनौत, त्याच्या फोनची भाषा कोणती, आधी असं शोधणारे कुठे थांबले, यावरून. नुसतं ‘खत’ एवढ्या शब्दाच्या मागे लागू नका. ‘ठिबकमधून विद्राव्य खत कसे द्यावे’ असं लिहिलंत की सगळा घोळच मिटतो. आणि आपले लोक ‘thibak’ रोमन अक्षरांत टाइप करतात, ‘ठीबक’ असंही लिहितात. त्यासाठी पानात चुकीची स्पेलिंग पेरायची गरज नाही. लाखो लोकांनी एकदा चुकीचं लिहून लगेच दुरुस्त केलेलं यंत्राने पाहिलेलं असतं, त्यातूनच ‘तुम्हाला असं म्हणायचंय का’ ही सोय घडते.

पुतण्याच्या शंकेकडे येतो. ॲनालिटिक्सचा डेटा रँकिंगसाठी, म्हणजे निकालांचा क्रम लावायला, वापरत नाही, असं गूगल वर्षानुवर्षं सांगत आलंय. क्लिकच्या बाबतीत तोंड पोळल्यावर मी त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, पण हे मला तर्कानेही पटतं. असंख्य साइट्सवर ॲनालिटिक्स नसतंच, आणि जिथे असतं तिथे मालक त्यात हवा तो गोंधळ घालू शकतो. स्वतःच्या निकालाच्या पानावरचे क्लिक हाताशी असताना त्यांनी उसनी माहिती का घ्यावी? शिवाय बाउन्स म्हणजे नापसंती नव्हे. शेतकऱ्याने पान उघडलं, नंबर पाहिला, आठव्या सेकंदाला दुसऱ्या फोनवरून तुम्हाला कॉल केला. ॲनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत दहा सेकंदांच्या आत संपलेली, एकाच पानाची ती भेट बाउन्स धरली जाते. तुमच्या गल्ल्यात मात्र ती विक्री. पानावरच्या कॉलच्या बटणाचा क्लिक ॲनालिटिक्समध्ये महत्त्वाची घटना म्हणून नोंदवून ठेवा, म्हणजे निदान फोनवरच नंबर दाबणाऱ्यांचं चित्र खरं दिसेल.

क्रोमची, म्हणजे गूगलच्या ब्राउझरची, गोष्ट वेगळी. खऱ्या माणसांच्या क्रोममध्ये तुमचं पान किती वेगाने उघडलं याची माहिती गूगल गोळा करतं, रँकिंगमध्ये वापरतं आणि हे उघडपणे सांगतं. मागच्या २८ दिवसांतल्या भेटींपैकी किमान ७५ टक्के भेटींत मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि वाचताना मजकूर उड्या मारू नये, अशी ती कसोटी आहे. तुमच्या ऑफिसातल्या फायबरवर पान कसं उघडतं याला इथे काही किंमत नाही. बांधावर एक काडी रेंज असलेल्या फोनवर कसं उघडतं ते मोजलं जातं. तुमच्या मुख्य पानावरचा तो फिरता बॅनर, पाच मोठे फोटो आणि वरून टपकणाऱ्या थेंबाचं ॲनिमेशन. थेंब सुंदर आहे, मान्य. काढा.

आता माझीच एक फजिती. काही वर्षांपूर्वी एका बियाणे विक्रेत्याच्या लेखांची शीर्षकं मी चटकदार केली. ‘हे कराल तर उत्पन्न दुप्पट’ छापाची. क्लिक वाढले, गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश. दीड-दोन महिन्यांनी तीच पानं खाली जायला लागली आणि आधी होती त्याहून खाली जाऊन थांबली. कारण शीर्षकच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही, त्याच काळात गूगलचे बदलही चालू होते. पण साधी शीर्षकं परत लावली आणि मजकुरात उत्तर वर आणलं, तेव्हा पानं हळूहळू सावरली. आज मला वाटतं की मी बरेच लोक आत बोलावले आणि त्यांतल्या बहुतेकांना मागे फिरवलं. म्हणजे वाईट क्लिकची शेती केली, तीसुद्धा स्वतःच्या हाताने.

तुम्ही काय बघायचं? सर्च कन्सोल उघडा, म्हणजे साइट शोधात कशी दिसते हे मालकाला दाखवणारं गूगलचं साधन. तिथे १६ महिन्यांचा हिशोब असतो: कोणत्या शब्दाला तुम्ही किती वेळा दिसलात, किती क्लिक आले, सरासरी जागा कोणती. पाचव्या ते पंधराव्या जागेवर असलेले आणि दिसण्याच्या मानाने क्लिक फारच कमी असलेले शब्द वेगळे काढा. प्रत्येक शब्द शोधणाऱ्याला नक्की काय हवंय याचा विचार करून ते पान त्याच्या नजरेने वाचा. ज्यांना फक्त किंमत हवीय त्यांना किंमत पहिल्या स्क्रीनवर दिसली पाहिजे, ‘कोटेशनसाठी संपर्क साधा’ नको. एक गोष्ट आधीच सांगतो, तुम्ही गोंधळाल म्हणून: शब्दांच्या यादीतल्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्यापेक्षा कमी येईल. दोन-तीन महिन्यांत काही डझन लोकांनीही न शोधलेले शब्द गूगल खाजगीपणासाठी लपवतं. मराठी साइटला हा लपलेला भाग मोठा असतो, तेव्हा घाबरू नका. आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतातही निकालांच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर दिसू लागलंय. तुमची जागा तीच राहून क्लिक घटले असतील तर दोष तुमचा असेलच असं नाही.

आणखी एक. स्वतःच्या दुकानाचं नाव दिवसातून दहा वेळा शोधू नका. निकाल जागेप्रमाणे बदलतो, तुमच्या पूर्वीच्या शोधांप्रमाणेही थोडाफार बदलतो. दुकानात बसून तुम्ही पहिलेच दिसणार. पुतण्याला सिन्नरहून बघायला सांगा.

गूगल काही शब्द खाजगीपणासाठी लपवतं हा विषय मघाशी निघालाच आहे तर सांगतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख लोकांचे २ कोटी शोध जाहीर केले होते. नावं काढून प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिलेला. तरी काही दिवसांतच पत्रकारांनी नुसत्या शोधांवरून एक व्यक्ती हुडकून तिचं दार ठोठावलं. सप्टेंबर २०२५ मध्ये न्या. मेहतांनी गूगलला त्याच्या शोधाची काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितली, तेव्हा खाजगीपणाचा एवढा ऊहापोह का झाला ते यावरून कळेल. तुमच्या बाबतीत मुद्दा छोटा आहे: एजन्सीने सर्च कन्सोलचा किंवा ॲनालिटिक्सचा मालकी हक्क मागितला असेल तर देऊ नका. फक्त बघण्यापुरता प्रवेश पुरतो.

पहिलं काम मात्र आजच करा. ॲसिड ट्रीटमेंटच्या तुमच्या पानावर ‘पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही’ ही ओळ मला पाचव्या परिच्छेदात, स्प्रिंकलरच्या जाहिरातीखाली सापडली. ती उचलून सगळ्यात वर ठेवा.